उत्तरेकडचा बोळ

फोनवर लोक एवढंच म्हणायचे, "सावलीसाठी झुडपं पाहिजेत."

मी विचारायचो, "सावली देणारी, का सावलीत जगणारी?"

पलीकडच्या माणसाला हा फरक ठाऊक नसायचा. मग म्हणायचा, "तुम्ही या तर खरं, मग बघू."

पस्तीस वर्षं मी सोलापुरात लोकांच्या अंगणात झाडं लावली. शहराबाहेर पडणाऱ्या एका रस्त्यालगत माझी रोपवाटिका होती. गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ती बंद केली. मूळचा मी मंद्रूपकडचा. घरात मेंढरं होती. मेंढरांमागं चालणाऱ्याला सावली म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. बाभळीची सावली कितीला सरकते, लिंबाची कितीला, हे त्याच्या तळव्यांना ठाऊक असतं. पुढं शहरात येऊन मी याच माहितीवर पोट भरलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सोलापूर म्हणजे ऊनच ऊन, तिथं सावलीत जगणाऱ्या झुडपांचं काय काम? पण बंगला बांधताना लोक जागा सोडतात ती चार-पाच फुटांची. शेजारी दोन मजले चढवतो आणि मधल्या बोळात ऊन यायचं बंद होतं. तिथं गवतसुद्धा टिकत नाही. जमिनीत बांधकामाची खडी, सिमेंट, तुटक्या विटा. वरून घरमालकाच्या अटी: फुलं पाहिजेत, पान गळायला नको, आणि नळाला पाणी चार दिवसांआड येतं.

पहिल्या दिवशी मी एकही रोप न्यायचो नाही. रांगोळीची फक्की न्यायचो. सकाळी नऊला ऊन कुठवर येतं तिथं रेघ ओढायची, बाराला दुसरी, तीनला तिसरी. दोन तास ऊन मिळत असेल तर तगर, कामिनी, अबोली जगतात, फुलतातही. झाडाखालची जाळीदार सावली असेल तर अबोली उन्हापेक्षा तिथंच खुलते. आणि जिथं तिन्हींतली एकही रेघ पडत नाही, तिथं फुलांचा नाद सोडायचा आणि पानांवर समाधान मानायचं. एवढंच या धंद्यातलं ज्ञान. बाकी माती खणणं.

पण हे ऐकतो कोण? बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांना असल्याच एका बोळात गुलाब हवे होते. मी म्हटलं, साहेब, गुलाबाला ऊन लागतं. ते म्हणाले, "तुम्ही आधीच नकार कशाला लावता?" तीन वर्षं त्यांनी गुलाब नेले आणि तीन वर्षं मारले. चौथ्या वर्षी मी द्यायचं नाकारलं, तर त्यांनी प्लास्टिकचे आणून लावले आणि मला मुद्दाम दाखवायला बोलावलं. मी म्हटलं, "छान आहेत. पाणी तेवढं घालायला विसरू नका." वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण हल्ली रिकामा बसलो की मला एकच बोळ आठवतो, होटगी रस्त्याच्या बाजूला एका कॉलनीतला. तो सुनंदाताईंच्या घराचा.

सुनंदाताई एका दवाखान्यात सिस्टर होत्या. पन्नाशी उलटलेली. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात नोकरीला. अक्कलकोटच्या पलीकडं, अगदी राज्याच्या हद्दीवरच्या एका गावात त्यांचं माहेर. भाऊ वारल्यावर तिथलं घर विकलं गेलं आणि आईला, गंगव्वाला, त्या सोलापूरला घेऊन आल्या. गंगव्वा ऐंशीच्या पुढची. स्मरण हळूहळू चाललेलं. आयुष्यभर घरात कानडी आणि बाजारात मराठी बोललेली बाई. त्यातली मराठी आधी गेली. लेकीला ओळखायची, पण लेकीचं घर तिला आपलं वाटत नव्हतं.

"भाऊ, आईला घरात करमत नाही," ताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "सारखी फाटकाकडं जाते. मी ड्युटीवर असले की जीव टांगलेला असतो. बाहेर असं काहीतरी करा की ती तिथंच रमेल. पण ऊन लागायला नको."

घराच्या पुढं शहाबादी फरशी, पश्चिमेला तापलेली भिंत. बसण्याजोगी जागा एकच, उत्तरेकडचा बोळ. पाच फूट रुंद, पंचवीस फूट लांब. शेजारच्या उंच भिंतीमुळं दिवसभर थंड. मी फक्कीच्या रेघा ओढल्या. बाराची रेघ बोळाच्या तोंडापाशीच संपली. आत ऊन नाही.

मी जीव ओतून काम केलं. खडी काढून काळी माती आणि शेणखत भरलं. मागं रॅफिस पामची रांग, त्यापुढं ड्रॅसिना, खाली नेचे, कडेनं पांढरे गोटे, आणि बसायला सिमेंटचा बाक. मासिकात छापावं असं दिसत होतं. मी मोबाइलवर फोटो काढले आणि पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला जपून ठेवले.

आठ दिवसांनी ताईंचा फोन आला. "भाऊ, जरा येता का? आईनं सगळं उपटलं हो."

जाऊन बघतो तर नेचे आणि ड्रॅसिना मुळासकट काढून फाटकाजवळ नीट रचून ठेवलेले. शेतातलं तण काढून बांधावर टाकतात तसे. गंगव्वा पायरीवर बसून हाताची माती झाडत होती. मला बघून म्हणाली, "कळे." आमच्या भागात कानडी सगळ्यांच्या कानावर असते. माझ्या वडलांची मेंढरं तर भीमेपलीकडंही चरायला जायची. कळे म्हणजे तण. माझ्या बागेला ती तण म्हणत होती.

मी पुन्हा लावलं. तिनं पुन्हा उपटलं. दुसऱ्या खेपेला माझा तोल गेला. ताईंना म्हटलं, "आईंना दुपारचं खोलीत ठेवत जा. कडी लावून. नाहीतर इथं काही जगायचं न्हाई." मला आज ते बोलणं आठवलं की जीभ चावावीशी वाटते. बाई बागेत रमावी म्हणून मला बोलावलं होतं, आणि मी बाग वाचावी म्हणून बाईला कोंडायला सांगत होतो.

तिसऱ्यांदा लावायला गेलो तो मे महिना होता. ताई दवाखान्यात होत्या. फाटकाच्या कुलपाची किल्ली त्यांनी समोरच्या काकूंकडं ठेवली होती. मी किल्ली घेतली, कुलूप काढलं, आत गेलो. गंगव्वा जेवून झोपली होती. तासाभरात काम उरकलं, काकूंना किल्ली दिली, स्कूटरला किक मारली आणि घरी आलो.

जेवायला बसताना पायजम्याच्या खिशात काहीतरी टोचलं. हात घातला तर कुलूप.

मी तसाच उठलो. बायको विचारत राहिली. स्कूटर किती जोरात मारली ते आठवत नाही. फाटक सताड उघडं होतं. आत खाट रिकामी. चपला दाराशी तशाच. काकूंचाही डोळा लागला होता. दुपारचे दोन वाजून गेलेले, आणि सोलापुरातल्या मे महिन्यात दोन वाजता काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

ताईंना फोन लावला. त्या पंधरा मिनिटांत आल्या, युनिफॉर्मवरच. कॉलनीतली माणसं चारी बाजूंना पांगली. देऊळ बघितलं, कॉलनीच्या बागेत बघितलं, रिक्षाथांब्यावर विचारलं. मला एकाएकी वडलांची आठवण झाली. कळपातलं एखादं मेंढरू चुकलं की ते पुढं शोधायचे नाहीत. जिथून आलो त्या वाटेनं मागं जायचे आणि बहुतेक वेळा ते तिथंच सापडायचं. मी ताईंना म्हटलं, "आईंना गाडीनं कुठल्या रस्त्यानं आणलं होतं?"

"अक्कलकोटच्या."

मी तो रस्ता धरला. शहर जिथं विरळ होतं तिथं रस्त्याकडेला उसाची एक रिकामी ट्रॉली उभी होती. कारखाने बंद झाले की अशा ट्रॉल्या पावसाळाभर जागेवरच असतात. तिच्या खाली, दोन चाकांच्या मधे, गंगव्वा बसली होती. पदर डोक्यावरून ओढलेला. तळव्यांना फोड आलेले, एक फुटलेला. ओठ सुकलेले. पण चेहऱ्यावर भीती नव्हती. दमून मधेच विसावलेल्या माणसासारखी ती बसली होती.

मी ताईंना फोन केला आणि वाकून ट्रॉलीखाली शिरलो. बाटलीतलं पाणी तिला घोट घोट पाजलं. मग आमच्या मोडक्या कानडीत विचारलं, "अव्वा, एल्लिगी होंटीरी?" कुठं निघालात?

"मनिगी," ती म्हणाली. घरी.

"घरी काय काम हाय?"

ती माझ्याकडं असं बघत राहिली की काय वेडा माणूस आहे. मग सावकाश सांगू लागली. तिचं बोलणं सगळं कानडीतच, मी ते इथं मराठीत लिहितोय. "परसात काम पडलंय. आडुसोगेखाली पाचोळा साठला असंल. विंचू निघतो त्यात. पोरं तितंच खेळतात. फुलं चोखतात, मुंग्यांसकट. कुणी बघाय नको?"

आडुसोगे म्हणजे अडुळसा.

अडुळसा तुम्ही पाहिला असेल, खोकल्यावर काढा करतात तो. पुरुषभर उंचीचं झुडूप, लांब गर्द पानं, थंडीत पांढरी फुलं. फुलाच्या देठाकडं मधाचा एक थेंब असतो, खेड्यातली पोरं तो चोखतात. भिंतीच्या आडोशाला, झाडांच्या खाली, जिथं बाकीचं मरतं तिथं तो वर्षानुवर्षं हिरवा राहतो. सावलीसाठी याच्याइतकं खात्रीचं झुडूप आपल्याकडं नाही. आणि मी ते तोवरच्या सगळ्या वर्षांत एकदाही कुणाच्या बंगल्यात लावलं नव्हतं. कुंपणाला आपोआप येणारी वस्तू. ती लावून माळ्याचं नाव काय होणार? रोपवाटिकेत ती ठेवायचीही मला लाज वाटायची.

ताई रिक्षानं पोचल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. आधी नाडी बघितली, मग तळवे, मग पाणी किती पाजलं ते विचारलं. आईला रिक्षात बसवल्यावर मी खिशातलं कुलूप काढून त्यांच्या हातात दिलं.

"माझ्यापाशी राहिलं, ताई."

त्या कुलपाकडं बघत राहिल्या. "मला वाटलं, सकाळी मीच विसरले," एवढंच म्हणाल्या. रिक्षा गेली.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? गंगव्वा चार दिवस दवाखान्यात होती आणि मग घरी आली, हे मला काकूंकडून कळलं. बोळातली झाडं पाण्यावाचून वाळली, हेही त्यांनीच सांगितलं. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते हे, की मी इतक्या लोकांना सावली देणारी का सावलीत जगणारी असं विचारत आलो, आणि त्या म्हातारीला काय पाहिजे ते मी विचारावं म्हणून तिचे पाय भाजावे लागले.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले. मी एसटीनं अक्कलकोटला गेलो आणि तिथून जीपनं त्या गावी. गावाचं नाव ताईंच्या बोलण्यात आलेलं होतं. गंगव्वाचं घर शोधायला वेळ लागला नाही, पण ते घर तिथं नव्हतं. स्लॅबची नवी इमारत, दारात ट्रॅक्टर. माझ्याच वयाची एक बाई कडबा तोडत होती. मी म्हटलं, मागचं परसू जरा बघायचं होतं.

"परसू कुटलं आता? गोठा हाय तितं." तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "काय पायजे?"

"अडुळसा हाय का मागं?"

ती हसायलाच लागली. "सोलापुरास्नं अडुळशापायी आलासा व्हय? हाय की, गोठ्याच्या पाठीमागं. न्या लागंल तेवढा. शेरडंबी तोंड लावत न्हाईत त्याला."

गोठ्यामागं, दगडी भिंतीच्या आडोशाला खरंच एक जाळी होती. खोडं मनगटाएवढी जाड. जुन्या घराचं तेवढंच उरलं होतं. मी पानं बाजूला सारली. खालची माती थंड होती. पेन्सिलीच्या जाडीच्या वीस-बावीस फांद्या कापल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या. कापता कापता माझी आई आठवली. मंद्रूपच्या घरात ती एकटी राहायची आणि दर खेपेला म्हणायची, "दारात कायतरी लाव की रं, बसाय बरं वाटतं." मी म्हणायचो, येत्या पावसाळ्यात लावू. तिनं असे किती पावसाळे वाट बघितली ते मला सांगता येणार नाही. ती गेली तेव्हाही दारात काही नव्हतं.

फांद्या मी रोपवाटिकेत सावलीच्या हिरव्या जाळीखाली लावल्या. अडुळसा जिवट, पंधरा रोपं धरली. गणपती झाल्यावर ती टेम्पोत घालून सुनंदाताईंच्या फाटकाशी उभा राहिलो. फाटकाला कुलूप होतं. हाक मारली. ताई बाहेर आल्या आणि फाटकाआडून माझ्याकडं बघू लागल्या.

"ताई, तुमच्या माहेरचा अडुळसा हाय. तुमच्या परसातला. तिथं गोठा झालाय, पण भिंतीकडंला ही जाळी अजून हाय. लावतो आणि जातो. पैशाचं काय न्हाई यात."

त्यांनी फाटकाच्या गजांतून हात घालून माझ्या हातातल्या रोपाचं एक पान खुडलं, चुरगळून नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग कुलूप काढलं.

मी बोळातले गोटे उचलले, बाकही हलवला. अडुळसा दाट लावला, खेड्यात असतो तसा, रांग न धरता. गंगव्वा काठी टेकत आली. पायाला आता रबरी सपाता होत्या. तिनं रोपांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मी त्यांचा जुना सालगडी असल्यासारखी म्हणाली, "दिस बुडायच्या आत पाणी दे त्यास्नी. मागल्या खेपेला विसरलास." मी म्हटलं, "व्हय अव्वा, चुकलंच माझं."

तिनं एकही रोप उपटलं नाही. रोज सकाळी केरसुणी घेऊन बोळ झाडायची आणि मग भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची. फाटकाकडं जाणं कमी झालं, मग थांबलंच. मी आठवड्यातून एकदा जायचो. काम काही नसायचं. अडुळशाला कसलं काम? उगाच एखादी फांदी छाटायचो आणि तिच्या शिव्या खायचो. दीड वर्षात झुडपं माझ्या खांद्याला लागली. पहिल्या थंडीत मोजकी फुलं आली. गंगव्वानं एक तोडलं, मुंग्या झटकल्या, आणि "सुनंदा" अशी हाक मारून लेकीच्या तोंडाशी धरलं. पन्नाशीच्या ताई कडेवरच्या पोरीसारखं तोंड उघडून उभ्या होत्या. मी पाठ फिरवली.

दुसऱ्या थंडीत बोळ पांढरा झाला होता. त्या दुपारी मी पाइप धरून पाणी देत होतो. गंगव्वा नेहमीच्या जागी, मांडीवर दुरडी, दुरडीत नुसती पानं. आजूबाजूला कुणीतरी असल्यासारखं मधेच बोलायची, हसायची. महिनाभरात ती फार आत निघून गेली होती. ताई ड्युटीवरून आल्या आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. आमच्याकडं थंडीतलं ऊनसुद्धा डोळ्यांवर येतं. त्यांनी कपाळावर हात धरला होता.

गंगव्वानं मान वर केली. "यारव्वा नी?" कोण गं तू?

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. याआधी ती मला विसरली होती, काकूंना विसरली होती, स्वतःच्या गेलेल्या मुलालाही विसरली होती. लेकीला कधी नाही.

"कुणाची गं तू?" म्हातारीनं पुन्हा विचारलं.

ताईंनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग आईच्याच कानडीत म्हणाल्या, "गंगव्वाची."

"गंगव्वाची व्हय!" म्हातारीचा चेहरा उजळला. ओळखीचं नाव निघालं होतं. "तरीच तोंडवळा तसा वाटला. मग उन्हात का उभी? ये, आत ये. बस हितं." आणि ती भिंतीला धरून थोडी सरकली.

ताईंनी चपला काढल्या आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या. गंगव्वानं पाहुणीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई बरी हाय न्हवं तुझी?"

"बरी आहे."

"तिला म्हणावं, एकदा येऊन जा. लई दिस झाले बघून."

"सांगते," ताई म्हणाल्या.